फ्रिक्वेन्सी सांगता, मग मात्राही सांगा

मंगल कार्यालयात मोफत आरोग्य तपासणी शिबिर लागतं. टेबलावर लॅपटॉप, त्याला वायरने जोडलेली साबणाच्या डबीएवढी पेटी आणि हातात धरायला धातूची एक नळी. वय, उंची, वजन आणि स्त्री की पुरुष एवढं भरून घेतात. मिनिटभर नळी मुठीत धरली की यकृत, मूत्रपिंड, हाडं, हार्मोन्स, जीवनसत्त्वं अशा सगळ्यांचा पानंच्या पानं अहवाल छापून मिळतो. शेजारच्या टेबलावर त्या अहवालावरचा उपाय मांडलेला असतो: चुंबकाची गादी, कंबरेचा पट्टा, नाहीतर ‘फ्रिक्वेन्सी मशीन’. विकणारा सांगतो, प्रत्येक जंतूची आणि प्रत्येक अवयवाची एक ठरलेली फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला ठरावीक कंपनं, असते, ती दिली की आजार जातो.

यावर वाद सुरू झाला की दोन बाजू पडतात. एक म्हणते, आमच्या आत्याच्या गुडघ्याला फरक पडला, डोळ्यांनी पाहिलंय. दुसरी म्हणते, सगळं थोतांड आहे, विजेच्या लहरींनी कुठे आजार बरे होतात का? मला दुसऱ्या बाजूचा निष्कर्ष बहुतांशी पटतो, पण तिचं वाक्य पटत नाही. विजेच्या आणि चुंबकाच्या लहरींनी आजार बरे होतात, रोज होतात, आपल्याच मुंबईत होतात. परळच्या टाटा रुग्णालयात रेडिएशन घेणारे बहुतेक रुग्ण विद्युतचुंबकीय उपचारच घेत असतात. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेलं ‘भाभाट्रॉन’ कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण गाठीवर सोडतं, आणि गॅमा किरण म्हणजे फार वरच्या फ्रिक्वेन्सीच्या विद्युतचुंबकीय लहरी. यकृतातली लहान गाठ जाळायला सुईतून साधारण ४६० ते ४८० किलोहर्ट्झचा (एक किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला हजार कंपनं) प्रवाह सोडतात आणि पेशी ६० अंशांच्या वर तापवतात. फिजिओकडचा शॉर्टवेव्हचा शेक २७.१२ मेगाहर्ट्झवर चालतो.

म्हणून ‘फ्रिक्वेन्सीने आजार बरा होतो का’ हा प्रश्नच अर्धवट आहे. ‘गोळीने आजार बरा होतो का’ असं कुणी विचारत नाही. कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, दिवसातून कितीदा, कोणत्या आजारावर, हे विचारतात. लहरींच्या उपचाराचीही अशीच मात्रा असते: फ्रिक्वेन्सी किती, आजारी भागापर्यंत पोचणारं विद्युत किंवा चुंबकीय क्षेत्र किती तीव्र, लहरीचा आकार कसा, किती वेळ, किती दिवस. यातली एकटी फ्रिक्वेन्सी सांगणं म्हणजे डॉक्टरने चिठ्ठीवर गोळीचा रंग लिहिण्यासारखं आहे. या धंद्यात नेमकं तेच चालतं, आणि माझा मुख्य आक्षेप त्यालाच आहे.

मात्रा नीट सांगितलेला उपचार कसा दिसतो, ते पाहा. नैराश्यासाठी डोक्यावर चुंबकीय कॉइल धरून करतात त्या आरटीएमएस उपचाराला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये मंजुरी दिली. त्याची मूळ पद्धत अशी: कॉइल मेंदूच्या डाव्या बाजूला, कपाळाच्या मागच्या भागावर. स्पंद सेकंदाला १०. चार सेकंद स्पंद, सव्वीस सेकंद विश्रांती. अशा ७५ फेऱ्या, म्हणजे ३००० स्पंद आणि साडेसदतीस मिनिटं. ताकद किती ठेवायची? आधी रुग्णाचा अंगठा उडेल अशी किमान ताकद शोधायची आणि तिच्या १२० टक्के द्यायची. कॉइलखालचं चुंबकीय क्षेत्र साधारण दीड टेस्लाच्या घरात जातं (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप). म्हणजे क्षेत्र मेंदूपर्यंत पोचलं की नाही, याचा पुरावा रुग्णाचा अंगठाच देतो. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे. एवढं करूनही सगळ्यांना गुण येत नाही, आणि तसं छापील सांगितलं जातं.

आता पर्यायी बाजूचं सगळ्यांत गाजलेलं नाव घेऊ. रॉयल राइफ (१८८८–१९७१), कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोचे. १९३० च्या दशकात त्यांनी दावा केला की आपल्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकातून जिवंत विषाणू दिसतात आणि ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या किरणांनी ते फुटतात. प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाची मर्यादा भौतिकशास्त्राने १८७३ मध्येच मांडून ठेवली होती. सुमारे ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके त्यातून वेगळे दिसत नाहीत, मग भिंगं कितीही चढवा. बहुतेक विषाणू त्याहून लहान असतात. १९३४ मध्ये ला होया इथे १६ रुग्ण बरे झाल्याची गोष्ट समर्थक आजही सांगतात. त्या रुग्णांची नावनिशी सोडा, निदान कशावरून केलं, आधी काय उपचार झाले, पुढे किती वर्षं जगले याच्या सविस्तर नोंदी असलेला शोधनिबंध कधी प्रसिद्धच झाला नाही.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. राइफ यांची मूळ यंत्रं रेडिओ लहरी वापरत. आज राइफ यांच्या नावाने जे आकडे फिरतात, ७२८, ७८४, ८८०, २१२८ हर्ट्झ वगैरे, ते १९५० नंतरच्या, हातात किंवा पायाखाली पट्ट्या धरायच्या यंत्रांतून आलेले आहेत. ८८० हर्ट्झ ही कानाला सहज ऐकू येणाऱ्या सुराची फ्रिक्वेन्सी. काही यंत्रं ती प्लाझ्माच्या, म्हणजे वायू भरलेल्या चकाकत्या, नळीतून देतात, काही धातूच्या दांड्यांतून, काही नुसत्या कॉइलमधून. तिन्हींत शरीरात पोचणारं क्षेत्र हजारो पटींनी वेगळं असू शकतं. तरी आकडा तोच आणि दावाही तोच. ज्याची मात्रा हजारपट बदलली तरी गुण तोच येतो असं म्हणतात, त्यात मात्रेला अर्थच उरत नाही.

दुसरं गाजलेलं यंत्र म्हणजे हल्डा क्लार्क यांचा ‘झॅपर’. त्यांचं म्हणणं, सगळे कर्करोग आतड्यातल्या एका चपट्या कृमीमुळे होतात आणि सुमारे ३० किलोहर्ट्झच्या चौकोनी लहरीने तो मरतो. सात मिनिटं चालू, वीस मिनिटं बंद, असं तीनदा. आत काय असतं? नऊ व्होल्टची बॅटरी, ५५५ टायमरची चिप, तीन-चार रेझिस्टर, दोन कपॅसिटर, एक एलईडी आणि हातात धरायला तांब्याच्या दोन नळ्या. इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा कुणीही संध्याकाळभरात ते जोडेल. १ किलोओहम, ३.९ किलोओहम आणि ०.००४७ मायक्रोफॅरड ही मापं घातली तर चिपच्या सूत्राने फ्रिक्वेन्सी येते १.४४ भागिले (८८०० गुणिले ४.७ नॅनोफॅरड; ८८०० म्हणजे १००० अधिक दोनदा ३९००), म्हणजे जवळजवळ ३५ किलोहर्ट्झ. फ्रिक्वेन्सी मिळाली. आता मात्रा काढू.

बॅटरीच्या वाटेत सहसा १ किलोओहमचा रेझिस्टर असतो. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या नळ्या घट्ट धरल्या तर या हातापासून त्या हातापर्यंत शरीराचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, एवढ्या फ्रिक्वेन्सीला साधारण १ किलोओहमच्या घरात धरू. प्रवाह येतो चार-साडेचार मिलिअँपिअर. कोरड्या हातांनी धरल्या तर याहून पुष्कळ कमी. हा प्रवाह मनगटातून आणि दंडातून दाटीने जातो, पण धडात शिरला की पसरतो. आडवा छेद ५०० चौरस सेंटिमीटर धरा आणि ऊतींची वाहकता मीटरला ०.२ सीमेन्स. पोटातल्या किंवा छातीतल्या गाठीला मिळणारं विद्युतक्षेत्र निघतं सेंटिमीटरला सुमारे ४ मिलिव्होल्ट. हा अंदाज यंत्राच्या बाजूने सढळ हाताने केलेला आहे. शिवाय आतड्याच्या पोकळीत बसलेल्या कृमीभोवती हे क्षेत्र समान राहील असंही नाही.

या आकड्याशी तुलना करायला एक खरा उपचार आपल्याकडे आहे, आणि समर्थक तोच सारखा पुढे करतात. मेंदूतल्या ग्लायोब्लास्टोमा या वाईट कर्करोगावर ‘ट्यूमर ट्रीटिंग फील्ड्स’ नावाचा विद्युतक्षेत्राचा उपचार आहे. त्याचं यंत्र ‘ऑप्ट्यून’ नावाने ओळखलं जातं. २०११ मध्ये उलटलेल्या आजारासाठी आणि २०१५ मध्ये नव्याने निदान झालेल्या रुग्णांसाठी अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. ‘बघा, राइफ खरे होते,’ असं लगेच म्हटलं जातं. जरा तपशिलात जाऊ. फ्रिक्वेन्सी २०० किलोहर्ट्झ. डोक्याचे केस भादरून त्वचेला सिरॅमिकच्या तबकड्यांचे चार पट्टे चिकटवायचे. त्यांची जागा रुग्णाच्या एमआरआयवरून संगणकाने आखायची. क्षेत्राची दिशा एकमेकींना काटकोनात सतत बदलती, कारण विभागत असलेल्या पेशीवर परिणाम होण्यासाठी तिचा अक्ष क्षेत्राच्या ओळीत यावा लागतो. प्रयोगशाळेत परिणाम दिसायला लागलेली तीव्रता सेंटिमीटरला १ ते ३ व्होल्ट, म्हणजे वरच्या झॅपरच्या किमान अडीचशे पट. आणि हे दिवसाकाठी अठरा तास, महिनोन्‌महिने.

इतकं करून मिळालं काय? ६९५ रुग्णांच्या चाचणीत, केमोची गोळी दोन्ही गटांना चालू असताना, मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) १६ महिन्यांवरून २०.९ महिन्यांवर गेलं. पाच वर्षांनी जिवंत असलेले ५ टक्क्यांवरून १३ टक्के झाले. या आजारात हे पुष्कळ आहे. पण हा आजार बरा झालेला नाही. या चाचणीतही एक कच्चा दुवा होताच: तुलना गटाला लुटुपुटूचं यंत्र दिलं नव्हतं, त्यामुळे यंत्र लावलेल्यांची जास्त काळजी घेतली गेली असेल, ही शंका कर्करोगतज्ज्ञांनी उघडपणे घेतली. आधीच्या, उलटलेल्या आजारातल्या चाचणीत हे यंत्र केमोपेक्षा सरस ठरलंच नव्हतं. अंडाशयाच्या कर्करोगावरच्या मोठ्या चाचणीत ते नापास झालं आणि २०२३ मध्ये कंपनीनेच तसं जाहीर केलं. राइफ यंत्राच्या एखाद्या विक्रेत्याने ‘या आजारावर आमचं यंत्र चाललं नाही’ असं कधी छापलेलं माझ्या पाहण्यात नाही. दोन्ही बाजूंतला फरक मला तिथे सगळ्यांत स्पष्ट दिसतो.

यातून ‘औषध कंपन्यांनी फ्रिक्वेन्सीचं ज्ञान दाबलं’ या आरोपाचंही उत्तर मिळतं. या यंत्राची अमेरिकेतली छापील किंमत महिन्याला सुमारे २१ हजार डॉलर होती. ज्यातून इतका पैसा निघतो ते दाबून कोण ठेवेल? उलट अशा यंत्रांना गुंतवणूकदार पुढे होऊन पैसा देतात.

समर्थकांच्या हातातलं खरं बळकट उदाहरण वेगळंच आहे, आणि त्याला बगल देणं मला बरोबर वाटत नाही. ‘थेराबायोनिक पी-१’ नावाचं एक यंत्र आहे. चमच्याच्या आकाराचा अँटेना जिभेवर ठेवायचा, २७.१२ मेगाहर्ट्झची अगदी मंद लहर द्यायची आणि तिच्यावर ठरावीक फ्रिक्वेन्सींचा चढउतार घालायचा. दिवसातून तीनदा, दर वेळी तासभर. शरीर तापत नाही, तीव्रता कमी, आणि फ्रिक्वेन्सींची यादी: ऐकायला हे अगदी राइफसारखंच. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने यकृताच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगासाठी, दुसरे उपाय संपलेल्या रुग्णांना ते द्यायला परवानगी दिली.

ही परवानगी कोणत्या वाटेने मिळाली ते पाहायला हवं. थोड्या रुग्णांच्या आजारांसाठी अमेरिकेत माणुसकीच्या सवलतीची एक वेगळी वाट आहे. तिथे परिणामकारकता सिद्ध करावी लागत नाही. फायदा होण्याचा संभव धोक्यापेक्षा जास्त आहे, एवढं दाखवलं की पुरतं. पुरावा म्हणून जो अभ्यास पुढे केला जातो त्यात ४१ रुग्ण होते आणि तुलना गट नव्हता. काहींची गाठ लहान झाली, काहींचा आजार सहा महिन्यांहून जास्त थांबला. यावरून ‘चालतं’ म्हणता येत नाही आणि ‘थोतांड’ही म्हणता येत नाही. ‘शोधण्यासारखं आहे, लुटुपुटूच्या यंत्राशी तुलना करून दाखवा’ एवढंच म्हणता येतं. मला या यंत्राबद्दल कुतूहल आहे. पण त्याच्या आधाराने बाजारातल्या दुसऱ्या एखाद्या पेटीची जाहिरात झाली, तर ती लबाडी आहे, कारण तिची लहर, तिची ताकद आणि तिचा चढउतार यांपैकी काहीच या यंत्राशी जुळत नाही.

‘अनुनाद’ हा शब्द या प्रचारात सारखा येतो. गायिकेच्या सुराने काचेचा पेला फुटतो, तसा फ्रिक्वेन्सीने जंतू फुटतो म्हणे. पेला फुटतो कारण तो हवेत मोकळा असतो आणि त्याचं कंपन लवकर विरत नाही, त्यामुळे दर हेलकाव्याला थोडी थोडी ऊर्जा साठत जाते. देवळातली घंटा एका हाताने गच्च धरून दुसऱ्या हाताने टोल द्या. नाद उठतच नाही, नुसता थप्प आवाज येतो. जंतू आयुष्यभर असाच धरलेला असतो, चहूकडून पाण्यात आणि चिकट द्रवात. एक मायक्रोमीटरच्या कणाला पाणी इतकं घट्ट लागतं की त्याची हालचाल जिथल्या तिथे विरते. शिवाय एवढ्या लहान वस्तूची नैसर्गिक कंपनं असलीच तर ती सेकंदाला कोट्यवधींच्याही पुढे असतात. ७२८ किंवा ८८० चा तिथे संबंध पोचत नाही.

विरोधकांनीही एक चूक टाळायला हवी. ‘कमी फ्रिक्वेन्सीच्या फोटॉनमध्ये रेणूचा बंध तोडायची ऊर्जा नसते, म्हणून परिणाम अशक्य’ हा युक्तिवाद पुष्कळ जण करतात. ३० किलोहर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा शरीराच्या उष्णतेतल्या धडपडीच्या सुमारे वीस कोटीव्या हिश्शाएवढी असते, हे खरं. पण ऑप्ट्यून किंवा आरटीएमएस फोटॉनच्या हिशोबाने काम करतच नाहीत. तिथे क्षेत्राची तीव्रता काम करते. म्हणजे हा युक्तिवाद ‘डीएनए तुटत नाही’ एवढंच सिद्ध करतो. दाव्याचा निकाल लावायला तीव्रताच विचारावी लागते.

मग ‘मला फरक पडला’ त्याचं काय? ते खोटं बोलत नाहीत. गुडघेदुखी, कंबरदुखी, पित्त, त्वचेची खाज हे सगळे चढउतारांचे आजार. माणूस उपाय शोधायला निघतो तो दुखणं शिगेला पोचल्यावर, आणि शिगेनंतर उतार येतोच. त्यात रोज अर्धा तास पडून राहणं, कुणीतरी आस्थेने विचारपूस करणं, सोबत चालू असलेली गोळी, कमी केलेलं तेलकट खाणं. श्रेय मात्र यंत्राला जातं. आणि त्रास वाढला तर? ‘जंतू मरतायत, विष बाहेर पडतंय, म्हणून असं होतंय,’ असं सांगितलं जातं. उपदंशावर पेनिसिलिन दिल्यावर पहिल्या दिवसात ताप-थंडी भरते, ही वैद्यकातली खरी प्रतिक्रिया आहे, पण तिचं नाव घेऊन प्रत्येक त्रासाला गुण ठरवणं घातक आहे. बरं वाटलं तरी यंत्राचा विजय आणि वाईट वाटलं तरी यंत्राचाच विजय, असं ठरलं की रुग्ण डॉक्टरकडे जायचा राहतो.

याचा निकाल लावायची सोय स्वस्त आहे, आणि ती या यंत्रांच्याच स्वभावात आहे. टेन्स म्हणजे त्वचेवर पट्ट्या लावून विजेचे हलके स्पंद देणारं, दुखण्यावरचं यंत्र. त्यात मुंग्या येतात, त्यामुळे चालू आणि बंद रुग्णाला कळतं आणि आंधळी चाचणी, म्हणजे खरं यंत्र कुणाला मिळालं हे कुणालाच माहीत नसलेली चाचणी, अवघड होते. झॅपर, चुंबकाची चटई, स्पंदांचा पट्टा यांत बहुतेकदा काहीच जाणवत नाही. म्हणजे आंधळी चाचणी सगळ्यांत सोपी इथेच. वीस यंत्रं घ्या, दहांच्या आतली इलेक्ट्रोडकडे (शरीराला टेकणाऱ्या नळीकडे किंवा पट्टीकडे) किंवा कॉइलकडे जाणारी वायर कापा. दिवा, आवाज, पडदा तसाच राहू द्या. क्रमांकांची यादी बंद पाकिटात तिसऱ्या माणसाकडे ठेवा. यंत्र देणाऱ्यालाही खरं कोणतं ते कळता कामा नये. दुखणं ० ते १० मध्ये रोज ठरल्या वेळी लिहायचं, गोळ्या किती खाल्ल्या तेही लिहायचं, आणि कोणत्या दिवशी मोजणी थांबवायची ते आधी ठरवायचं. मगच पाकीट उघडायचं. वीस जणांतून शेवटचा शब्द मिळणार नाही, पण दावा करतात तितका मोठा गुण असेल तर तो वीस जणांतही लपणार नाही. लाखालाखाची यंत्रं विकणाऱ्यांनी एवढं केलेलं नसेल, तर का नाही केलं, हे त्यांना विचारायला हवं.

असं केलं तर काय होतं, हे शंभर वर्षांपूर्वी दिसून आलं. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. अल्बर्ट अब्राम्स रक्ताच्या थेंबाच्या ‘कंपनां’वरून निदान करत आणि कंपनं देणाऱ्या पेट्या डॉक्टरांना भाड्याने देत. ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाने १९२३-२४ मध्ये समिती नेमली. त्यांच्या पद्धतीने काम करणाऱ्या एका अनुभवी डॉक्टरला वेगवेगळ्या रोगजंतूंच्या सहा कुप्या दिल्या. सहाही उत्तरं चुकली. कुप्यांच्या चिठ्ठ्यांवर लाल शाई होती, तिची कंपनं मध्ये आली, असं कारण पुढे आलं. चिठ्ठ्या बदलून पुन्हा दिलं, पुन्हा चुकलं. आजच्या शिबिरातल्या नळीची परीक्षाही अशीच घेता येते. एकाच माणसाने दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा नळी धरायची, दुसऱ्या वेळी वय वीस वर्षांनी वाढवून सांगायचं. मग नळी ओल्या फडक्यात गुंडाळून टेबलावर ठेवायची आणि तिचाही अहवाल मागायचा. ‘बायोरेझोनन्स’च्या टोकदार पेनाने बोटाची तपासणी होत असेल तर पेन हलकं टेकवून आणि मग दाबून आकडा पाहायचा. तो त्वचेचा रोध मोजतो, आणि दाब किंवा घाम बदलला की रोध बदलतो.

चुंबकाच्या गादीचं गणित त्याहून सोपं. मोबाइलमध्ये दिशा दाखवायला चुंबकमापी असतो, त्याचं अ‍ॅप फुकट मिळतं. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र साधारण ४० मायक्रोटेस्ला दिसेल. आता मोबाइल गादीवर ५, १०, २० सेंटिमीटर उंचीवर धरून आकडे लिहा. अगदी चिकटवू नका, मोठ्या चुंबकाने मापी बिथरतो. चुंबकापासूनचं अंतर दुप्पट झालं की क्षेत्र आठपटीच्या आसपास घटतं. कापूस, चादर, कपडे आणि चरबी ओलांडून सांध्यापर्यंत काय उरतं ते आकडेच सांगतील. शिवाय स्थिर चुंबक अंगाखाली पडून राहिला तर ऊतींमध्ये वीज उत्पन्नच होत नाही, त्यासाठी क्षेत्र बदलावं लागतं. गुडघ्याच्या एमआरआयसाठी माणूस अर्धा तास दीड टेस्लाच्या चुंबकात असतो, आणि दुखरा गुडघा घेऊनच बाहेर येतो.

हीच पट्टी आपल्या बाजूला, म्हणजे दवाखान्यातल्या मान्य उपचारांनाही लावायला हवी. न जुळलेल्या हाडासाठी स्पंदित चुंबकीय क्षेत्राला अमेरिकेत १९७९ पासून मान्यता आहे. पण पायाच्या ताज्या फ्रॅक्चरमध्ये २५९ रुग्णांवर झालेल्या आंधळ्या चाचणीत खऱ्या आणि लुटुपुटूच्या यंत्रात फरक निघाला नाही (२०११). कंबरदुखीवर आयएफटी (फिजिओकडचा विजेच्या प्रवाहाचा शेक) आणि टेन्स देऊ नये, असं ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने २०१६ मध्ये सांगितलं. आपल्याकडे कित्येक दवाखान्यांत कंबरदुखीला आजही पहिल्या दिवसापासून दहा सिटिंगचं आयएफटी लिहून दिलं जातं आणि व्यायाम शेवटी दोन मिनिटांत दाखवला जातो. चार भिंतींत आणि पांढऱ्या कोटात झालं म्हणून त्याला सूट नको. फिजिओ स्वतः असं बोलतील तेव्हा लोक गादीवाल्याबद्दल त्यांचं ऐकतील.

कायद्याची बाजू आपल्याकडे जितकी समजली जाते तितकी लंगडी नाही. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात कर्करोग, मधुमेह, क्षय, पक्षाघात, संधिवात अशा आजारांची यादी आहे आणि ते बरे करण्याची जाहिरात गुन्हा आहे. त्यातली ‘औषधा’ची व्याख्या शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम करण्यासाठी असलेल्या वस्तूलाही लागू होते, म्हणजे यंत्रालाही. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली, आणि ऑक्टोबर २०२२ व ऑक्टोबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने त्यांतल्या बहुतेकांना परवाना सक्तीचा झाला. तेव्हा यंत्रावर उत्पादन किंवा आयात परवान्याचा क्रमांक हवा, आणि तो क्रमांक कोणत्या उपयोगासाठी आहे तेही पाहायला हवं. दुखण्यावरच्या यंत्राचा परवाना दाखवून कर्करोगाचा दावा करता येत नाही. सीईचा, म्हणजे युरोपच्या बाजारासाठीचा, शिक्का गुणाची हमी देत नाही, आणि आयएसओ १३४८५ म्हणजे कारखान्याची कामाची पद्धत ठीक आहे एवढंच. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना पत्रकाचा फोटो, बिल, यंत्रावरच्या पट्टीचा फोटो आणि तोंडी दाव्याची तारीख जोडली तर तक्रारीला वजन येतं.

माझी मागणी साधी आहे. असं प्रत्येक यंत्र विकताना पेटीवर छापावं: फ्रिक्वेन्सी, लहरीचा आकार, १ किलोओहमच्या भारावर मोजलेला प्रवाह किंवा पृष्ठभागापासून १० सेंटिमीटरवर मोजलेलं क्षेत्र, वेळ, आणि ज्या आजाराचा दावा आहे त्यावर तुलना गटासह झालेल्या चाचणीचा निकाल. चाचणी नसेल तर ‘चाचणी झालेली नाही’ असं ठळक मराठीत.

तोवर ज्यांच्या घरात असं यंत्र आधीच आलेलं आहे त्यांनी एवढं सांभाळावं. पेसमेकर, मिरगी किंवा गरोदरपण असेल तर वापरू नये. इलेक्ट्रोड छातीच्या दोन्ही बाजूंना किंवा गळ्यावर लावू नयेत. झॅपरची लहर एकाच दिशेची असते, त्यामुळे इलेक्ट्रोडखाली रासायनिक क्रिया होऊन त्वचा भाजते. ओलं फडकं सुकलं किंवा नळी एकाच बिंदूवर टेकली की डाग पडतो, आणि मधुमेह्याच्या बधिर पायाला तो कळतही नाही. टेन्समध्ये दोन्ही दिशांचे समान स्पंद देतात ते याचसाठी. केमो किंवा क्षयाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची एकही तारीख यंत्रासाठी पुढे ढकलू नये, आणि यंत्र वापरत असल्याचं डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावं. गाठ दिसली, शौचातून रक्त गेलं, दोन आठवड्यांवर खोकला राहिला, वजन कारणाशिवाय उतरलं, तर यंत्राचा कोर्स अर्धा राहिला तरी चालेल, तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी.